शेळीपालन, कृषक महिला आणि कौटुंबिक आरोग्य

प्रस्तावना :
महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण भागात शेळी ही ‘गरिबाची गाय’ समजली जाते. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार राज्यात सुमारे १ कोटी ६ लाख शेळ्या होत्या. त्यांचा चारापाणी, गोठ्याची झाडलोट व करडांचे संगोपन बहुतांशी स्त्रियाच करतात. बोकडाचा सौदा मात्र पुरुष करतो आणि लसीकरणाची वार्ताही प्रायः त्याच्याच कानी जाते. श्रम आणि माहिती यांची ही फारकत जनावरांबरोबर कुटुंबालाही भोवते.

विषय विवेचन :
नवजात करडाला पहिल्या तासाभरात चीक पाजणे आवश्यक असते. कारण चिकातील रोगप्रतिकारक द्रव्ये आतड्यातून शोषण्याची त्याची क्षमता चोवीस तासांत संपुष्टात येते. तथापि, जार पडल्याशिवाय चीक पाजू नये, असा समज अनेक ठिकाणी आढळतो. तो दूर करण्यास खर्च लागत नाही. शेळी विताना जवळ असणाऱ्या स्त्रीस त्यामागील कारण समजले म्हणजे पुरे.

याच प्रसंगी तिच्या स्वतःच्या आरोग्यासही धोका संभवतो. ब्रुसेलोसिसमुळे शेळ्या गाभडतात. उघड्या हातांनी गर्भ व जार उचलल्याने, तसेच कच्च्या दुधातून हा जिवाणू माणसात येतो. दीर्घकाळ चढउतार होणारा ताप व सांधेदुखी ही त्याची लक्षणे अन्य आजारांशी मिळतीजुळती असल्याने, शेळी गाभडल्याचे रुग्णाने सांगितले नाही तर वैद्यकाला शंकाही येत नाही. हातमोजे वापरणे, जार खोल पुरणे आणि दूध उकळणे हे उपाय साधे, परंतु परिणामकारक आहेत.

पोषणाबाबत मात्र अतिशयोक्ती टाळावयास हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त होत्या. शेळीच्या दुधात लोह व फोलेट अत्यल्प असल्याने केवळ दुधाने रक्तक्षय हटत नाही. बोकडाचे पैसे स्त्रीच्या हाती आले, तर डाळी, पालेभाज्या व औषधोपचार यांवर खर्च होण्याची शक्यता वाढते. खरा दुवा येथे आहे.

म्हसवड येथील माणदेशी फाउंडेशनने स्त्रियांना शेळ्यांच्या कृत्रिम रेतनाचे प्रशिक्षण दिले, तर ‘उमेद’ अभियानाने गावोगावी पशुसखी तयार केल्या. पशुसखी हा पशुवैद्यकास पर्याय नव्हे; परंतु कोणत्या घरी शेळी गाभडली, हे तिला प्रथम कळते. त्याच गावात आशा कार्यकर्ती तापाच्या रुग्णांची नोंद ठेवते. दोघींचे विभाग भिन्न असले, तरी या नोंदी एकमेकींना दाखविण्याची व्यवस्था ग्रामपातळीवर सहज करता येण्याजोगी आहे.