रिकामी टाकी, भरलेल्या नळ्या : कॅम्पर व्हॅनच्या हिवाळी तयारीबद्दलचे गैरसमज

ऑक्टोबर लागला की अमेरिका-कॅनडातल्या कॅम्पर व्हॅनवाल्यांची लगबग सुरू होते. फोर्ड ट्रान्झिट, मर्सिडीज स्प्रिंटर किंवा रॅम प्रोमास्टरसारख्या मोठ्या व्हॅनमध्ये थाटलेलं हे फिरतं घर उन्हाळाभर हिंडलेलं असतं. त्यात सिंक असतं, शॉवर असतो, पाण्याची टाकी, १२ व्होल्टवर चालणारा पंप, गिझर आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या नळ्या असतात. हिवाळ्यात गाडी उभी राहणार, तेव्हा आतलं पाणी गोठून काही फुटू नये म्हणून जी तयारी करतात तिला ‘विंटरायझिंग’ म्हणतात. न्यू जर्सी, शिकागो किंवा टोरांटोतल्या मराठी घरांना नळ गोठण्याची धास्ती नवी नाही. पण घर आतून सतत उबदार असतं, तर बंद करून ठेवलेली गाडी काही तासांतच बाहेरच्या हवेइतकी गार पडते. त्यामुळे घराला लावलेले आडाखे गाडीला चालत नाहीत.

मूळ कारण सोपं आहे. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. फुगायला जागा मिळाली नाही, तर त्या दाबापुढे प्लास्टिकच काय, पितळही टिकत नाही. म्हणून सगळी तयारी एकाच प्रश्नाभोवती फिरते : पाणी कुठे अडकून राहिलं आहे?

गैरसमज : टाकी रिकामी केली की काम झालं.

वस्तुस्थिती : टाकी हा त्यातला सगळ्यात कमी धोक्याचा भाग. तिच्यात तळाशी थोडं पाणी राहिलं, तरी वर फुगायला भरपूर जागा असते. नुकसान होतं ते अरुंद, बंद जागांमध्ये. अर्ध्या इंची नळीच्या १० मीटर लांबीत सुमारे १.२ लिटर पाणी मावतं. टाकीचा कॉक उघडल्यावर त्यातलं बरंचसं तिथेच राहतं, कारण नळ्या वर-खाली वळलेल्या असतात आणि प्रत्येक खोलगट वळणात पाणी थांबतं. शिवाय शॉवरचा लवचिक पाइप, सिंकखालचा यू आकाराचा ट्रॅप, शौचालयाचा व्हॉल्व्ह, पाण्याचा फिल्टर आणि मागच्या दारापाशी बसवलेला बाहेरचा शॉवर हेही असतातच. हा बाहेरचा शॉवर तर हमखास विसरला जातो.

पंपाच्या तोंडाशी असलेली गाळणी पाहा. पारदर्शक प्लास्टिकची छोटीशी वाटी, आत बारीक जाळी. टाकी रिकामी झाल्यावरही तिच्यात दोन-चार चमचे पाणी उरतं. ते गोठलं की वाटीला केसाएवढी चीर जाते. ही चीर पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला असल्यामुळे वसंतात तिथून पाणी गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. पंप घरघरत राहतो, नळाला पाणी येत नाही आणि मालक नवा पंप विकत आणतो. बिघडलेली असते ती वाटी.

गैरसमज : नळी जिथे गोठते तिथेच फुटते.

वस्तुस्थिती : नळीत बर्फाचं बूच तयार झालं आणि ते वाढू लागलं, की ते पुढचं पाणी बंद नळाच्या दिशेने ढकलतो. दोहोंच्या मध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब प्रचंड वाढतो आणि जिथे कच्चा दुवा असेल तिथे तडा जातो. त्या जागी बर्फाचा कणही नसू शकतो. म्हणूनच निचरा केल्यावर सगळे नळ उघडे ठेवतात. एकच दांडी असलेला मिक्सर नळ असेल, तर दांडी गरम आणि थंडच्या बरोबर मध्ये ठेवायची, म्हणजे दोन्ही वाटा मोकळ्या राहतात.

गैरसमज : पेक्स पाइप फुटत नाहीत, मग काळजी कशाला?

वस्तुस्थिती : आजच्या बहुतेक व्हॅनमध्ये पेक्स, म्हणजे क्रॉसलिंक्ड पॉलिथिलीनच्या नळ्या असतात. त्या थोड्या ताणल्या जातात आणि तांब्यापेक्षा गोठणं जास्त सोसतात, हे खरं. पण नळी काही एकटी नसते. जॉइंट, व्हॉल्व्ह, नळाच्या आतली कार्ट्रिज, फिल्टरचं भांडं आणि पंपाचं डोकं यांना तशी लवचीकता नसते. पाइप शाबूत आणि जॉइंट तडकलेला, असाच प्रकार जास्त आढळतो.

गैरसमज : आमच्याकडे कुठे एवढी थंडी पडते?

वस्तुस्थिती : फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासने याचं उत्तर अनुभवलं. १६ फेब्रुवारीला डॅलस-फोर्टवर्थला पारा उणे २ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे उणे १९ अंश सेल्सिअसपर्यंत घसरला. वीज गेली आणि राज्यभर घराघरांतल्या नळ्या फुटल्या. जिथे हिवाळा दरवर्षी सौम्य असतो, तिथे तयारीही सौम्य असते. म्हणून एकच कडाक्याची लाट मोठं नुकसान करून जाते.

चालत्या गाडीला आणखी एक धोका असतो, तो उंचीचा. ॲरिझोनातलं फिनिक्स समुद्रसपाटीपासून सुमारे ३३० मीटरवर आहे, फ्लॅगस्टाफ २,१०० मीटरवर. महामार्गाने अंतर जेमतेम २३० किलोमीटर. जानेवारीत दुपारी फिनिक्सला अर्ध्या बाह्यांच्या शर्टात निघालेला माणूस रात्री फ्लॅगस्टाफला गोठणबिंदूच्या बऱ्याच खाली झोपतो आणि त्याच्या नळ्याही.

हवामानाच्या अंदाजातला आकडा आणि गाडी उभी आहे तिथला आकडा यांतही फरक पडतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याची बातमी हिवाळ्यात येते, तेव्हा गावातल्या वेधशाळेचा पारा शून्याच्या बराच वर असतो. निरभ्र रात्री उघडे पृष्ठभाग आकाशाकडे उष्णता सोडून हवेपेक्षाही गार होतात आणि जड, थंड हवा सखल भागात साचते. दरीतल्या कॅम्पग्राउंडवर हेच घडतं.

वाऱ्याबद्दल मात्र उलटा गैरसमज आहे. ‘विंड चिल’, म्हणजे वाऱ्यामुळे जाणवणारा गारठा, शून्याच्या खाली दाखवत असेल आणि हवा २ अंशांवर असेल, तर पाणी गोठत नाही. वारा वस्तूला लवकर गार करतो, पण हवेच्या तापमानाच्या खाली नेत नाही.

गैरसमज : अँटिफ्रीझ सगळं सारखंच, गाडीच्या रेडिएटरचंही चालेल.

वस्तुस्थिती : ही चूक जिवावर बेतू शकते. रेडिएटरच्या कूलंटमध्ये सहसा एथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोडसर आणि विषारी. शरीरात त्याचं ऑक्सॅलिक आम्ल होतं आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडं निकामी करतात. पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांसाठी प्रोपिलीन ग्लायकॉलचं, विषारी नसलेलं अँटिफ्रीझ वेगळं मिळतं. ते बहुधा गुलाबी असतं, पण रंगावर विसंबू नये. रंग नंतर मिसळलेला असतो आणि गुलाबी रंगाचे रेडिएटर कूलंटही बाजारात आहेत. डब्यावरचं रसायनाचं नाव वाचणं हाच खरा उपाय.

ग्लायकॉल कुळातली गफलत किती महागात पडते, हे मुंबईने पाहिलं आहे. १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेलं निघालं आणि १४ रुग्णांचा बळी गेला. त्याची चौकशी लेंटिन आयोगाने केली. नावं जवळजवळ सारखी असलेल्या या रसायनांचा शरीरावरचा परिणाम मात्र पूर्ण वेगळा असतो.

काही स्वस्त गुलाबी अँटिफ्रीझमध्ये ग्लायकॉलऐवजी किंवा त्याच्या जोडीला इथेनॉल असतं. ते विषारी नसलं, तरी रबरी वॉशर आणि ओ-रिंग कोरड्या पाडू शकतं.

गैरसमज : डब्यावर ‘उणे ५०’ लिहिलंय, म्हणजे उणे ५० पर्यंत ते पातळ राहतं.

वस्तुस्थिती : हा आकडा फॅरनहाइटमध्ये असतो, म्हणजे सुमारे उणे ४६ अंश सेल्सिअस आणि तो नळी फुटण्यापासूनच्या संरक्षणाचा असतो. द्रव उणे १० अंश सेल्सिअसच्या आसपासच बर्फाच्या भुग्यासारखा होऊ लागतो. भुगा सरकू शकतो, नळीवर घट्ट बर्फासारखा दाब आणत नाही, म्हणून नळी वाचते. पण हा हिशेब निर्भेळ द्रवाचा आहे. आत पाणी उरलेलं असेल तर अँटिफ्रीझ पातळ होतं आणि संरक्षणाची पातळी घसरते. म्हणून आधी निचरा, मग अँटिफ्रीझ, हा क्रम चुकवू नये.

कामाची रीत अशी. गिझर बंद करून पूर्ण गार होऊ द्यायचा, दाब सोडायचा आणि मगच त्याचा ड्रेन प्लग काढायचा. गरम गिझर उघडला तर उकळतं पाणी अंगावर येतं. गिझरला बायपास व्हॉल्व्ह असतील तर ते फिरवून त्याला वाटेतून वगळायचं. नाहीतर ६ गॅलनची, म्हणजे जवळजवळ २३ लिटरची त्याची टाकी अँटिफ्रीझने भरत बसावं लागतं. फिल्टरची कार्ट्रिज काढायची. पंपाच्या तोंडाला एक नळी लावून तिचं दुसरं टोक अँटिफ्रीझच्या कॅनमध्ये सोडायचं आणि पंप सुरू करायचा. मग एकेक नळ, आधी थंड आणि मग गरम, गुलाबी धार येईपर्यंत उघडायचा. शॉवर, बाहेरचा शॉवर, शौचालयाचा फ्लश, काहीही सुटता कामा नये. शेवटी प्रत्येक मोरीच्या ट्रॅपमध्ये पेलाभर ओतायचं. बायपास असेल तर साधारण दोन-तीन गॅलनमध्ये, म्हणजे ८ ते १२ लिटरमध्ये सगळं उरकतं.

गैरसमज : कॉम्प्रेसरने जोरात हवा मारली की नळ्या कोरड्या.

वस्तुस्थिती : हवेने नळ्या मोकळ्या करणं ही मान्य पद्धत आहे, पण जोर हा तिचा गुण नाही. घरगुती कॉम्प्रेसर १०० पीएसआयच्या वर सहज जातो. व्हॅनमधली व्यवस्था त्याच्या निम्म्याच्या आसपास दाबासाठी बनवलेली असते. म्हणून रेग्युलेटर ३० ते ५० पीएसआयवर ठेवतात. उपयोगी पडतो तो हवेचा सलग, भरपूर प्रवाह. टायरमध्ये हवा भरायच्या छोट्या पंपातून तो मिळत नाही. एवढं करूनही पंपाच्या डोक्यात आणि ट्रॅपमध्ये पाणी उरतं, तिथे थोडं अँटिफ्रीझ घालावंच लागतं.

गैरसमज : आमच्या हीटरला आपोआप उघडणारा व्हॉल्व्ह आहे.

वस्तुस्थिती : ट्रुमा या जर्मन कंपनीच्या कॉम्बी हीटरला ‘फ्रॉस्टकंट्रोल’ नावाचा व्हॉल्व्ह असतो. त्याच्यापाशी तापमान सुमारे ३ अंशांवर आलं की तो उघडतो आणि बॉयलरमधलं १० लिटर पाणी बाहेर सोडतो. बॉयलर वाचतो. पंप, फिल्टर, नळ आणि शॉवर यांचं रक्षण करणं हे त्याचं कामच नाही.

गैरसमज : आत हीटर चालू ठेवला तर हिवाळाभर पाणी वापरता येतं.

वस्तुस्थिती : गाडी त्यासाठीच बांधलेली असेल, टाकी आणि नळ्या आतल्या उबेत असतील, तर येतं. पण कित्येक व्हॅनमध्ये सांडपाण्याची टाकी आणि तिचा व्हॉल्व्ह गाडीखाली उघड्यावर असतो. आतली ऊब तिथे पोचत नाही. हीटरचा पंखा बॅटरीवर चालतो. ती उतरली की ऊबही गेली. गॅसचाही प्रश्न आहे. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूप होऊ शकतो, ब्युटेन मात्र उणे ०.५ अंशालाच अडतो. त्यामुळे ब्युटेनचं प्रमाण जास्त असलेली टाकी थंडीत भरलेली दिसूनही हीटर विझतो. म्हणून हिवाळ्यात हिंडणारे कित्येक जण नळ्यांत अँटिफ्रीझ तसंच राहू देतात आणि पिण्या-धुण्याचं पाणी आत कॅनमध्ये बाळगतात.

वसंतात हे सगळं उलट करायचं. ताजं पाणी सोडून गुलाबी रंग जाईपर्यंत सगळे नळ वाहू द्यायचे. मग दर १५ गॅलनला, म्हणजे ५७ लिटरला, पाव कप साधं, सुगंध नसलेलं ब्लीच मिसळून ते पाणी सगळ्या नळ्यांत काही तास ठेवायचं आणि वास जाईपर्यंत धुऊन काढायचं. त्यानंतर सगळे नळ बंद करून पंप चालू ठेवायचा. दाब भरला की तो आपणहून थांबतो. नळ बंद असताना थोड्या वेळाने तो पुन्हा सुरू झाला, तर कुठेतरी गळती आहे. अशा वेळी टॉर्च घेऊन आधी फिल्टरचं भांडं, मग बाहेरचा शॉवर तपासावा.