छप्पर आहे, वाटेचे काय?

दिवाळीची सुटी लागली की वसतिगृहातील आपण सारे पिशव्या उचलून एस. टी. स्थानक गाठतो. पण जो चाकाच्या खुर्चीवर आहे आणि एखाद्या निवासी संस्थेत राहतो, त्याने घरी कसे जावे? "संस्था बघेल की," असे आपण सहज म्हणून जातो.

हाच वाद ब्रिटनमध्ये गाजला. तेथे 1992 पासून अपंगांना मिळणाऱ्या भत्त्याचे दोन भाग होते. एक देखभालीचा, दुसरा हिंडण्याफिरण्याचा. सरकारी खर्चाने निवासगृहात राहणाऱ्याचा पहिला भाग बंद होई, दुसरा मात्र चालू राही. ऑक्टोबर 2010 मध्ये सरकारने तोही काढून घेण्याचे जाहीर केले. प्रवासाची सोय निवासगृहानेच करावी, असा युक्तिवाद होता. त्यावर अपंगांचे म्हणणे असे की, दवाखान्यात नेणे वेगळे आणि आपल्या मनाने मित्राकडे, बाजारात वा बहिणीच्या लग्नाला जाणे वेगळे. अखेर डिसेंबर 2011 मध्ये सरकारने तो बेत सोडला.

आपल्याकडे मदत मिळते ती मुख्यतः भाड्यातील सवलतीच्या रूपाने. एस. टी.त अपंगास 75 टक्के सवलत आहे. अपंगत्व 65 टक्क्यांहून अधिक असल्यास सोबत्यासही 50 टक्के मिळते. हिशेबासाठी जळगाव-धुळे भाडे 100 रुपये धरले, तर दोघांचे मिळून 75 रुपये होतात. परंतु स्थानकापर्यंतच्या रिक्षाचे भाडे पूर्ण द्यावे लागते. साध्या गाडीच्या पायऱ्या उंच असतात. आणि मुख्य म्हणजे सोबतीला माणूस हवा. तो नसेल तर सवलतीचे कार्ड खिशातच राहते!

2016 च्या अपंग हक्क कायद्याच्या 41 व्या कलमात सवलतींबरोबरच वाहनांत फेरबदल आणि हिंडण्याफिरण्यास वैयक्तिक साहाय्य यांचाही उल्लेख आहे. म्हणजे कायद्यालाही केवळ स्वस्त तिकीट पुरेसे वाटत नाही.

जळगावात दीपस्तंभ फाउंडेशनच्या 'मनोबल' प्रकल्पात अपंग विद्यार्थी राहून शिकतात. तेही आपल्यासारखेच विद्यार्थी आहेत. आपल्या महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेने जिल्ह्यातील अशा संस्थांकडे सुटीच्या आधी एवढेच विचारावे : घरी जायला कोणाला सोबत हवी आहे? सोबत्याचे अर्धे तिकीट सरकार सोसतेच. उरलेले अर्धे आणि एक दिवस आपल्याला जड जाऊ नये.