मधुमेही प्रौढांची शारीरिक सक्रियता आणि हृदयविकाराचा धोका : नागपूरच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

मधुमेह हा रक्तातील साखरेचा विकार म्हणून ओळखला जातो. त्यामुळे रुग्ण आणि त्याचे कुटुंबीय यांचे सर्व लक्ष प्रयोगशाळेच्या अहवालातील साखरेच्या आकड्याकडे असते. परंतु मधुमेही व्यक्तीच्या आयुष्याला सर्वांत मोठा धोका हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांपासून असतो. मधुमेह नसलेल्या समवयस्क व्यक्तीच्या तुलनेत मधुमेही व्यक्तीस हृदयविकार होण्याची शक्यता साधारणतः दोन ते चार पट अधिक असते. ही शक्यता कमी करण्यासाठी औषधांच्या जोडीला नियमित चालणे हे बिनखर्चाचे साधन उपलब्ध आहे. तथापि त्याचा वापर फार कमी प्रमाणात होताना दिसतो. असे का घडते, चालण्याने हृदयाचे रक्षण कसे होते आणि नागपूरसारख्या शहरात त्याचे नियोजन कसे करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

महाराष्ट्रातील स्थिती :

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या राष्ट्रीय पाहणीच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्र, तामिळनाडू, झारखंड आणि चंडीगड यांचा समावेश होता. नागपूरच्या इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचाही या कामात सहभाग होता. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार महाराष्ट्रातील ८.४ टक्के प्रौढांना मधुमेह होता. शहरी भागात हे प्रमाण १०.९ टक्के, तर ग्रामीण भागात ६.५ टक्के होते. याच पाहणीचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले देशव्यापी निष्कर्ष पाहता भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचे दिसून आले.

याच पाहणीतील शारीरिक सक्रियतेविषयीची माहिती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. चार प्रदेशांतील १४,२२७ व्यक्तींपैकी ५४.४ टक्के व्यक्ती निष्क्रिय गटात मोडत होत्या. शहरी भागात हे प्रमाण ६५ टक्के, तर ग्रामीण भागात ५० टक्के होते. पुरुषांच्या तुलनेत स्त्रिया अधिक निष्क्रिय होत्या. विशेष म्हणजे महाराष्ट्रातील ९१.३ टक्के व्यक्ती फावल्या वेळात खेळ, व्यायाम अथवा फिरणे यांपैकी काहीही करीत नव्हत्या. लोकांची जी काही हालचाल होत होती, ती प्रामुख्याने कामाच्या निमित्ताने होत होती.

या शेवटच्या बाबीकडे विशेष लक्ष देणे आवश्यक आहे. आपल्याकडे शरीराची हालचाल कामाशी बांधलेली आहे. काम बदलले की हालचालही संपते आणि तिच्या जागी दुसरे काही येत नाही. नागपूरचा अलीकडचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. १८७७ मध्ये सुरू झालेली एम्प्रेस मिल २००२ मध्ये कायमची बंद झाली. यंत्रांमधून दिवसभर उभ्याने फिरण्याचे ते काम होते. गांधीसागर तलावाजवळील मिलच्या जागेवर आज मॉल उभा आहे. तेथील दुकानात वा कार्यालयात बसून काम करणाऱ्या आणि दुचाकीने घरी जाणाऱ्या व्यक्तीच्या दिवसात ती हालचाल उरलेली नाही.

भारतीय शरीररचनेचा प्रश्न :

‘मी तर बारीक आहे, मला व्यायामाची गरज नाही,’ हा समज सर्वत्र आढळतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने या समजाला छेद दिला आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांनी स्वतःची आणि डॉ. जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याची तुलना मांडली. उंची व वजन यांवरून काढलेला देहभारांक दोघांचाही २२.३ एवढाच होता. परंतु शरीरातील मेदाचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होते. म्हणजेच भारतीय व्यक्ती दिसायला सडपातळ असूनही तिच्या शरीरात मेद अधिक व स्नायू कमी असू शकतात. स्नायू हेच साखर वापरणारे शरीरातील प्रमुख इंद्रिय होय. त्यामुळे स्नायूंना काम देण्याची गरज सडपातळ मधुमेही व्यक्तीलाही तेवढीच असते.

हृदयरक्षणाची प्रक्रिया :

टाइप २ मधुमेहात पेशी इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत. मात्र स्नायू आकुंचन पावू लागले की साखर आत घेणारी प्रथिने इन्सुलिनच्या आदेशाविना पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि रक्तातील साखर स्नायूत शिरते. शिवाय व्यायामानंतर एक ते तीन दिवस इन्सुलिनचा परिणामही वाढलेला राहतो. म्हणून सलग दोन दिवसांपेक्षा अधिक खंड पडू देऊ नये, असे तज्ज्ञ सांगतात.

दुसरा परिणाम रक्तवाहिन्यांवर होतो. वाढलेली साखर, रक्तदाब आणि मेद यांमुळे रोहिण्यांचे अस्तर खराब होते व त्यात मेदाचे थर साचतात. चालताना रक्तप्रवाहाचा वेग वाढून या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड हे द्रव्य स्रवते, त्यामुळे रोहिण्या सैलावतात. याखेरीज रक्तदाब व ट्रायग्लिसराइड कमी होतात आणि हितकारक कोलेस्टेरॉल काही प्रमाणात वाढते. हे लाभ वजन फारसे न घटताही मिळतात. ‘महिनाभर चाललो, वजन तेवढेच आहे,’ म्हणून चालणे सोडून देणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

संशोधनाचा आधार :

शारीरिक काम व हृदयविकार यांच्या संबंधाचा पहिला ठळक पुरावा डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये मांडला. लंडनच्या दुमजली बसमध्ये जिने चढउतार करणाऱ्या वाहकांना, बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा हृदयविकार कमी होत असल्याचे त्यांना आढळले.

मधुमेहींच्या बाबतीत अमेरिकेतील परिचारिकांवरील अभ्यास महत्त्वाचा ठरतो. मधुमेह असलेल्या ५,१२५ परिचारिकांच्या १४ वर्षांच्या निरीक्षणाचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. आठवड्याला एक तासापेक्षा कमी व्यायाम करणाऱ्यांच्या तुलनेत, दोन ते चार तास करणाऱ्यांमध्ये हृदयविकार व पक्षाघात यांचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी आणि चार ते सात तास करणाऱ्यांमध्ये सुमारे ४६ टक्क्यांनी कमी होता. २००३ मधील दुसऱ्या अमेरिकन अभ्यासात, आठवड्यातून किमान दोन तास चालणाऱ्या मधुमेहींमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी आढळले.

अर्थात हे निरीक्षणात्मक अभ्यास आहेत. मुळात प्रकृती बरी असणारेच अधिक चालतात, ही शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही. ५,१४५ मधुमेहींवरील ‘लुक अहेड’ या प्रयोगात आहार व व्यायामाद्वारे वजन घटवण्यावर भर होता. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत हृदयविकाराच्या घटना लक्षणीय प्रमाणात कमी झाल्याचे आढळले नाही. तथापि साखर, रक्तदाब व कार्यक्षमता यांत सुधारणा झाली आणि औषधांची गरज घटली. यावरून चालणे हा औषधांना पर्याय मानता येणार नाही. ते उपचाराचाच एक भाग मानावे लागेल.

नागपुरातील नियोजन :

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मधुमेहींसह सर्व प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम व्यायामाची आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या बळकटीच्या व्यायामाची शिफारस केली. रोज ३५ मिनिटे चालल्यास आठवड्याचे चार तास भरतात. चालताना बोलता यावे, परंतु गाणे म्हणता येऊ नये, एवढा वेग मध्यम समजावा. अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्स, महाराजबाग अशा जागा शहरात आहेत. मात्र प्रत्येकाला तेथे जाता येईलच असे नाही. गल्ली, गच्ची किंवा जेवणानंतरच्या पंधरा मिनिटांच्या दोन फेऱ्याही उपयुक्त ठरतात.

मे २०१३ मध्ये नागपूरचे तापमान ४७.९ अंश सेल्सिअसपर्यंत गेले होते. उन्हाळ्यात सूर्योदयापूर्वी अथवा रात्री चालणे, किंवा घरातच चालणे इष्ट होय. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांच्या शरीरातील पाणी या दिवसांत लवकर कमी होते; त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

गृहिणींचा प्रश्न वेगळा आहे. घरकामाने थकवा येतो व ती हालचालही असते. परंतु त्यात सलग, श्वास वाढवणारा वेग बहुधा नसतो. त्यामुळे घरातील स्त्रीला स्वतःसाठी अर्धा तास मिळणे ही सर्व कुटुंबाची जबाबदारी ठरते.

आवश्यक दक्षता :

१) दीर्घकाळच्या मधुमेहात मज्जातंतू बधिर झाल्याने हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो. चालताना नेहमीपेक्षा अधिक धाप, अकारण घाम, जबडा वा हातातील अस्वस्थता जाणवल्यास थांबून त्वरित तपासणी करावी.

२) इन्सुलिन वा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी दूरवर चालू नये, साखर किंवा ग्लुकोज जवळ ठेवावे.

३) बधिर पायांनी अनवाणी चालू नये. उन्हाने तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घालताना पाय भाजल्याचे कळतही नाही. रोज रात्री तळवे पाहावेत.

४) डोळ्यांच्या पडद्यावर दुष्परिणाम झालेला असल्यास जड वजने उचलण्यापूर्वी नेत्रतज्ज्ञांना विचारावे.

५) पूर्वी व्यायाम न केलेल्यांनी दहा मिनिटांपासून प्रारंभ करून दर आठवड्याला वेळ थोडा थोडा वाढवावा.

निष्कर्ष :

मधुमेही व्यक्तीच्या उपचाराचे यश केवळ साखरेच्या आकड्यावर मोजणे अपुरे आहे. ज्या समाजात हालचाल फक्त कामातून होत होती, त्या समाजात काम बैठे झाल्यानंतर हालचालीसाठी वेगळा वेळ ठेवावा लागतो. चिकित्सकांनी ‘व्यायाम करा’ असा मोघम सल्ला देण्याऐवजी किती मिनिटे, कोणत्या वेळी, कोठे व कोणत्या वेगाने चालावे हे औषधाच्या मात्रेप्रमाणे लिहून देणे हितावह ठरेल. महाविद्यालये व शाळांनी आपली मैदाने सकाळ-संध्याकाळ परिसरातील प्रौढांसाठी खुली केल्यास या उपचारास सामाजिक आधारही लाभेल.