पोहता येत नाही, हे आधी सांगा!
अंदमानच्या बेटावर निसर्ग पाहताना घ्यायची काळजी

केंद्र सरकारच्या नोकरीत असलेल्यांना एलटीसीवर अंदमानला जाता येते. कोणी निवृत्तीच्या पैशातून आईवडिलांना नेते, कोणी लग्नानंतर जोडीने जाते. मुक्काम बहुधा स्वराज द्वीपवर असतो. पूर्वीचे हॅवलॉक ते हेच. २०१८ साली नाव बदलले. तिथल्या रिसॉर्टच्या टेबलावर एक यादी ठेवलेली असते : स्नॉर्केलिंग, स्कुबा, सी-वॉक, कयाक, पक्षी पाहणे, जंगलातली पायवाट. शेजारचे पाहुणे नावे लिहीत असतात. अशा वेळी ‘मला पोहता येत नाही’ हे चारचौघांत म्हणायला जीभ अडखळते, आणि तिथेच धोका सुरू होतो.

आपल्यापैकी बहुतेकांना पोहायला शिकवणारे कोणी नव्हते, जवळ तलावही नव्हता. यात लाज कसली? हे एक वाक्य आधी सांगितले, तर गाइड तुम्हाला वेगळे ठेवतो, लाइफ जॅकेट घालतो, हात धरतो. लपवले, तर तो तुम्हाला पोहणाऱ्यांत धरून चालतो.

न पोहता काय काय पाहता येते?

बरेच काही. पहाटेचे पक्षी पाहा. घड्याळ सगळ्या देशाचे एकच, पण अंदमान फार पूर्वेला; म्हणून तिथे पाचच्या सुमारास उजाडते आणि संध्याकाळी साडेपाचला अंधारू लागते. साडेपाचला उठून जंगलाच्या कडेने चाललात, तर काळाकुळकुळीत अंदमानी सुतार पक्षी आणि लांब शेपटीचे पोपट दिसू शकतात. ही फेरी रक्तदाब आणि मधुमेह असणाऱ्यांनाही चांगली. एलिफंट बीचला बोटीने जाता येते, जंगलातून पायवाटही आहे. पायवाटेने गेलात तर अंधार पडण्याआधी परत या.

काचेच्या तळाची बोट असते; तिच्यात बसूनच प्रवाळ आणि रंगीत मासे दिसतात. म्हाताऱ्या माणसांना हीच योग्य. अमावस्येच्या आसपास कांदळवनात कयाक नेतात. वल्हे मारले की पाणी निळसर चमकते. ती चमक पाण्यातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म जिवांची असते. कयाकमध्ये लाइफ जॅकेट शेवटपर्यंत अंगावरून काढायचे नाही, फोटोसाठीसुद्धा नाही.

फॉर्म खरा भरा

स्कुबाच्या आधी एक फॉर्म देतात. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाचे ऑपरेशन, मधुमेह, गरोदरपण असे प्रश्न त्यात असतात. ‘पैसे भरलेत, आता नाही कशाला म्हणायचे’ म्हणून सगळीकडे ‘नाही’वर खूण करू नका. दहा मीटर खोलीवर शरीरावरचा दाब जमिनीच्या दुप्पट होतो. सर्दीने कान बंद असेल तर पडद्याला इजा होते. वर येताना श्वास रोखला तर फुप्फुसाला इजा होऊ शकते. डोक्यावर टोप घालून समुद्राच्या तळाशी चालवतात, त्या सी-वॉकलाही हेच लागू आहे.

स्कुबा शेवटच्या दिवशी ठेवू नका. खोल पाण्यात रक्तात जादा नायट्रोजन विरघळतो. त्यानंतर लगेच विमानात बसलात, तर त्याचे बुडबुडे होऊन सांधे, मेंदू, मज्जारज्जू यांना त्रास होऊ शकतो. मध्ये किमान १८ तास जाऊ द्या. २४ तास गेले तर अधिक बरे.

सिकलसेल असणाऱ्यांसाठी हे वेगळे सांगायला हवे, कारण विदर्भातल्या आपल्या अनेक घरांत हा आजार आहे. पाणी कमी पडणे, जास्त दमणे, अंग गार पडणे, प्राणवायू कमी मिळणे यांपैकी कशानेही वेदनेचा झटका येऊ शकतो. अशा रुग्णाने स्कुबाच्या वाटेला जाऊ नये. पक्षी पाहावेत, बोटीतून प्रवाळ पाहावे, बाटली सतत जवळ ठेवून पाणी पीत राहावे. फक्त वाहक असाल, तरी स्कुबाआधी डॉक्टरांना विचारा.

मधुमेह असणाऱ्यांनी वाळूत आणि प्रवाळावर अनवाणी चालू नये. पायाला मुंग्या येत असतील तर कापलेले कळत नाही आणि जखम चिघळते. गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, बोटीत चढवलेल्या सामानात नको. स्वराज द्वीपवर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, पण मोठे रुग्णालय पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला. मध्ये काही तासांचा समुद्र आहे.

पाहा, हात लावू नका

प्रवाळ दगडासारखे दिसते, पण ते लाखो बारीक जिवांचे घर असते. पाय ठेवला की ते मरते, आणि आपलाही पाय कापतो. ती जखम सहजी भरत नाही. प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, तुकडासुद्धा घरी आणायचा नाही. किनाऱ्यावरचे रिकामे शंख शंखवासी खेकड्याच्या कामाचे असतात. आपण पिशवी भरून आणले, तर तो घर कुठून आणणार?

जेलीफिश चिकटली तर चोळू नका. त्या जागी समुद्राचेच पाणी ओता, गोड्या पाण्याने धुऊ नका. दम लागू लागला तर लगेच आरोग्य केंद्र गाठा.

अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. २०१० मध्ये याच बेटावर एका परदेशी पर्यटक महिलेचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. म्हणून खाडीच्या तोंडाशी, कांदळवनाजवळ आणि अंधारात पाण्यात उतरायचे नाही. मगरीची पाटी शोभेची नसते. लाल निशाण असेल, तर पाणी कितीही शांत दिसले तरी बाहेरच थांबा. पोहता न येणाऱ्याने गुडघ्यापुढे जाऊ नये. ओढ लागलीच, तर किनाऱ्याकडे झुंजत बसू नका. अंग सैल सोडून तरंगा, हात वर करा, ओरडा.

माणसे पाहायची वस्तू नाहीत

बाराटांगच्या चुनखडी गुहांची आणि कांदळवनाची सहलही पर्यटकांना विकली जाते. तिकडचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गाडीतून ‘जारवा दिसतील’ असे कोणी सांगितले, तर त्याला तिथेच थांबवा. प्राणी पाहायला गेलेल्या माणसाने माणसांकडे तसे पाहू नये, हे आपल्याला दुसऱ्याने सांगायची गरज नाही. तिथे थांबणे, फोटो काढणे, खायला देणे हा गुन्हा आहे. यात आरोग्याचाही प्रश्न आहे. जारवांच्या शरीराला आपल्या साध्या आजारांची सवय नाही. १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली होती. ताप, खोकला, अंगावर पुरळ असेल, तर ती सहल सोडून द्या.

परत आल्यावर

किनाऱ्यावर पहाटे आणि सांजवेळी बारीक वाळूमाश्या चावतात. खाजवून जखम करू नका, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. रात्री मच्छरदाणी लावा, कारण त्या बेटांवर मलेरिया आहे. चिखलपाण्यातून लेप्टोस्पायरोसिसही होतो. घरी आल्यावर महिनाभरात ताप आला, तर अंगावर काढू नका, आणि ‘मी अंदमानला जाऊन आलो’ हे डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा. त्या एका वाक्यावरून योग्य तपासणी लवकर होते.

निघण्याआधी एका कागदावर घरातल्या प्रत्येकाचे नाव लिहा. त्यापुढे आजार, चालू गोळ्या आणि पोहता येते की नाही, एवढेच लिहा. हा कागद पहिल्याच दिवशी रिसॉर्टच्या गाइडच्या हातात द्या.