जुन्या पिकअप गाडीचा पट्टा

बाजारास निघालेली भरली गाडी चढावर तापून उभी राहिली, म्हणजे मालक प्रथम पाण्याकडे पाहतो. पट्ट्याकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. वास्तविक पुष्कळ जुन्या गाड्यांत पाण्याचा पंप, पंखा व अल्टरनेटर ही तिन्ही एकाच पट्ट्यावर फिरतात. तो सैल पडला की घसरतो, पाणी मंद फिरते, इंजिन तापते आणि बॅटरीही भरत नाही.

तपासणी इंजिन थंड असता, किल्ली काढून घेऊनच करावी. दोन कप्प्यांमधील सर्वांत लांब भागाच्या मध्यावर अंगठ्याने जोराने दाबावे. पट्टा सुमारे अर्धा इंच दबल्यास ताण बहुधा ठीक समजावा. गाडीच्या पुस्तकात निराळे माप असेल तर तेच प्रमाण मानावे. अल्टरनेटरचे बोल्ट सैल करून तो बाहेर सारल्याने ताण वाढतो. कित्येक मिस्त्री पट्टा तारेसारखा ताणून देतात, हे आम्हांस मुळीच पसंत नाही. त्यायोगे पंपाची व अल्टरनेटरची बेअरिंगे अकाली झिजतात.

पट्ट्याची पकड त्याच्या दोन्ही कडांवर असते. त्या काचेसारख्या चकाकू लागल्या, तेलकट झाल्या किंवा पट्ट्यास चिरा पडल्या, तर ताणून उपयोग नाही; नवाच घालावा. नवा पट्टाही आरंभी थोडा सैलावतो, म्हणून काही फेऱ्यांनंतर तो पुन्हा दाबून पाहावा.