आज्ञा एकाची, उत्तरदायित्वही त्याचेच

केस्लापूरची नागोबाची जत्रा आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात कोणाला ठाऊक नाही? पौष अमावास्येला मेस्राम कुळाची महापूजा होते आणि तेलंगणातून व महाराष्ट्रातून भाविकांचे थवेच्या थवे तेथे लोटतात. अशा गर्दीत दुकानांच्या रांगेला अकस्मात आग लागली, अशी कल्पना करा. एक शिपाई लोकांना पूर्वेकडे पिटाळतो. दुसरा त्याच वाटेने आगीचा बंब आत आणतो. तिसरा ती वाटच दोर बांधून अडवितो. तिघेही आपापल्या परीने कर्तव्य करीत असतात. परंतु आगीने झाली नसती एवढी हानी चेंगराचेंगरीने होईल. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ म्हणतात तो हाच प्रकार.

असे घडू नये म्हणून पोलीसदलात जी व्यवस्था असते तिला आज्ञा व नियंत्रण असे म्हणतात. हे दोन शब्द एकत्र उच्चारले जात असले, तरी त्यांचे अर्थ भिन्न आहेत. काय करावयाचे हे ठरविण्याचा अधिकार म्हणजे आज्ञा. ठरले ते प्रत्यक्षात घडते आहे की नाही हे जाणणे, घटनास्थळाची बातमी वर पोचविणे आणि वरचा हुकूम खाली पोचविणे म्हणजे नियंत्रण. आज्ञा हे मस्तक मानले, तर नियंत्रण म्हणजे शरीरभर पसरलेले मज्जातंतू होत.

या व्यवस्थेची काही साधी तत्त्वे आहेत. पहिले तत्त्व, एका वेळी एकच प्रमुख. आपल्याकडील ग्रामीण ठाण्यावर सामान्यतः उपनिरीक्षक असतो. काही ठाणी मिळून सर्कल इन्स्पेक्टरचे क्षेत्र होते. त्यावर उपअधीक्षक आणि सर्व जिल्ह्यावर पोलीस अधीक्षक. घटनास्थळी जो प्रथम पोचेल त्याने सूत्रे हाती घ्यावी. वरिष्ठ आल्यावर त्याने ‘आता सूत्रे माझ्याकडे’ असे सर्वांना ऐकू जाईल असे सांगावे. दुसरे तत्त्व, प्रमुखाची जागा ठरलेली असावी. शोधावा लागणारा प्रमुख असून नसल्यासारखाच. तिसरे, निरोप थोडक्या शब्दांत द्यावा, ऐकणाऱ्याने तो उलट म्हणून दाखवावा आणि वेळेसह त्याची नोंद ठेवावी. चौथे तत्त्व सर्वांत महत्त्वाचे: बळाचा वापर अगदी अवश्य तेवढाच, आणि तोही स्पष्ट इशारा दिल्यावर.

ही तत्त्वे पाळली वा मोडली म्हणजे काय होते, हे २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईने पाहिले. दहा दहशतवाद्यांनी शहरात अनेक ठिकाणी एकाच सुमारास हल्ला चढविला. नंतर महाराष्ट्र शासनाने नेमलेल्या राम प्रधान समितीने अनेक पोलिसांच्या शौर्याची प्रशंसा केली. परंतु पोलीस आयुक्तांचे प्रकट नेतृत्व त्या वेळी दिसून आले नाही, असेही नमूद केले. त्याच रात्रीची दुसरी बाजूही ध्यानात ठेविली पाहिजे. दोन हल्लेखोर एक मोटार पळवून निघाल्याची खबर नियंत्रण कक्षाने बिनतारी यंत्रावरून सर्वत्र दिली. ती गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर वेळेत पोचली आणि मोटार अडविली गेली. तुकाराम ओंबळे यांनी समोरची बंदूक हातांनी घट्ट धरून ठेविली आणि प्राण वेचले. म्हणूनच एक हल्लेखोर जिवंत हाती लागला. शौर्य त्यांचे होतेच. पण त्या शौर्याला योग्य जागी उभे केले ते वेळेवर पोचलेल्या एका निरोपाने.

आता आपल्याच जिल्ह्याकडे वळू. इंद्रवेल्लीला २० एप्रिल १९८१ रोजी जमिनीच्या हक्कांसाठी गोंड आदिवासींची सभा व्हावयाची होती. तत्कालीन वृत्तान्तांनुसार सभेची परवानगी ऐन वेळी रद्द झाली. दूरच्या पाड्यांवरून निघालेल्या अनेकांना याची वार्ताही नव्हती. पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकड्याप्रमाणे त्यात १३ माणसे मृत्युमुखी पडली. मृतांची संख्या याहून पुष्कळ अधिक होती, असे इतर अनेकांनी सांगितले. तेथील स्मारकस्तंभ आजही त्या दिवसाची साक्ष देतो.

या प्रसंगातून आज्ञेचे एक गूढ उकलते. हुकूम कागदावर उतरला म्हणजे तो दिला गेला, असे होत नाही. ज्याने तो पाळावयाचा, त्याच्या कानी, त्याला कळेल अशा भाषेत आणि मागे फिरण्यास पुरेसा अवधी ठेवून तो पोचला पाहिजे. तेलुगू, गोंडी, मराठी, कोलामी आणि उर्दू जेथे शेजारी शेजारी नांदतात, त्या आपल्या जिल्ह्यात तर हे अधिकच खरे. दुसरे असे की, नियंत्रण हे प्रथम स्वतःच्या दलावर ठेवावयाचे असते, जमावावर नंतर. म्हणूनच बेकायदा जमाव पांगविण्याचा हुकूम कोणी द्यावा हे कायद्याने नेमून दिले आहे: कार्यकारी दंडाधिकारी, ठाण्याचा प्रमुख, किंवा तो नसल्यास उपनिरीक्षकाहून खालच्या दर्जाचा नसलेला अधिकारी. जुन्या १९७३ च्या संहितेत ही तरतूद होती आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती आहे. हेतू एवढाच की, उद्या ‘हा हुकूम कोणी दिला?’ असे विचारल्यास उत्तर देणारा एक मनुष्य असावा.

हैदराबादेत बंजारा हिल्स येथे ४ ऑगस्ट २०२२ रोजी तेलंगण पोलिसांच्या भव्य आज्ञा व नियंत्रण केंद्राचे उद्घाटन झाले. शेकडो कॅमेऱ्यांची दृश्ये तेथे एकाच ठिकाणी पाहता येतात. परंतु यंत्र दाखविते, निर्णय मनुष्यच घेतो.

या शृंखलेची पहिली कडी पुष्कळदा सामान्य नागरिक असतो. संकटसमयी ११२ हा क्रमांक फिरविल्यावर प्रथम ठिकाण सांगावे, मग काय घडले ते आणि किती माणसे संकटात आहेत ते. जे पाहिले तेवढेच सांगावे. ऐकीव गोष्टीची भर घालू नये. चुकीची पहिली बातमी पुढचा प्रत्येक हुकूम चुकविते, हे विद्यार्थ्यांनी कधीही विसरू नये.