मांजराच्या कानात माइट झाले? गोचिडांची बाटली लांबच ठेवा

मांजर सारखं डोकं झटकतं, मागच्या पायाने कान खाजवतं. कान उलटून बघितला तर आत चहाच्या चोथ्यासारखा काळपट मळ. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ज्या घरात गोठाही आहे तिथे अशा वेळी हात सहज जातो तो जनावरांच्या गोचिडांसाठी आणलेल्या औषधाकडे. चार थेंब पाण्यात घालून मांजर पुसून काढलं की झालं, असं वाटतं. पण कानातल्या माइटमुळे मांजर सहसा मरत नाही. या औषधाने मरू शकतं.

गोचीड, पिसवा मारण्याच्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन असतं. गाय, कुत्रा किंवा माणूस यांचं शरीर हे घटक बऱ्यापैकी मोडून बाहेर टाकतं. मांजराच्या यकृतात ती ताकद फार कमी. त्यामुळे विष अंगात साठतं आणि काही तासांत लाळ गळणं, अंग थरथरणं, झटके सुरू होतात. कुत्र्याच्या मानेवर लावायच्या काही थेंबांत परमेथ्रिन भरपूर असतं, म्हणून ‘कुत्र्याला एक तर मांजराला अर्धं’ हा हिशेब इथे चालत नाही. मेडिकलमध्ये माणसाच्या खरजेसाठी मिळणारं नेहमीचं मलमही परमेथ्रिनचंच. घरातल्या कुणी ते अंगाला लावलं असेल तर मांजराला त्या रात्री अंथरुणात घेऊ नये. गोचिडांवरचं अमिट्राझ आणि फरशीचं फिनेल, दोन्ही मांजराला वाईटच. लेबल कन्नड, हिंदी, इंग्रजी कशातही असो, आधी घटकाचं नाव शोधायचं.

माइट हे कोळ्यांच्या जातकुळीतले, आठ पायांचे, डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढे दिसणारे जीव. कानातले माइट एका मांजराकडून दुसऱ्याकडे चटकन जातात, पिल्लांना तर आईकडूनच मिळतात. डोक्याच्या खरजेचे माइट वेगळे. ती खरूज कानाच्या कडांपासून सुरू होते, मग तोंड-मानेवर जाड खपल्या धरतात. मांजर उचलून घेणाऱ्याच्या हातावर, पोटावरही खाजरे पुरळ येतात. मांजर बरं झालं की तेही काही दिवसांत जातात, पण डॉक्टरांना घरात मांजर आहे हे सांगायला हवं.

काळा मळ दिसला म्हणजे माइटच, असंही नाही. बुरशीनेही कान खाजतो. पशुवैद्य मळाचा ठिपका सूक्ष्मदर्शकाखाली बघून ते ठरवतात आणि वजन करून औषध देतात. मानेवर लावायचे सेलामेक्टिनचे थेंब मांजरांना चालतात. अंड्यापासून पूर्ण वाढलेला माइट व्हायला साधारण 3 आठवडे लागतात. आठ दिवसांत खाज थांबली म्हणून औषध सोडलं तर उरलेली अंडी पुन्हा तेच चक्र सुरू करतात. बहुतेकांची चूक इथेच होते. दुसरी चूक म्हणजे एकाच मांजरावर उपचार. घरातली सगळी मांजरं, आणि कुत्रा असेल तर तोही, पशुवैद्यांकडे एकदमच दाखवावा. औषध मात्र ज्याचं त्याला.

घरात फवारणीची गरज नाही. मांजराची गादी, चादरी गरम पाण्यात धुवून कडक उन्हात टाकाव्यात. पावसाळ्यात ऊन नसेल तर इस्त्री. गादीत राहणारे धुळीचे माइट, ज्यांनी सकाळी उठल्यावर शिंका येतात, ते मांजराच्या अंगावर राहत नाहीत. त्यांच्यासाठी मांजराला औषध लावून काही उपयोग नाही.

चुकून गोचिडांचं औषध लागलंच तर मांजराला चाटू न देता लगेच कोमट पाणी आणि भांडी घासायच्या पातळ साबणाने धुवावं, टॉवेलमध्ये गुंडाळून ऊब द्यावी आणि झटके येण्याची वाट न बघता दवाखाना गाठावा. जाताना ती बाटली सोबत न्यावी.